रूपविकारी ताऱ्यांची वर्णपटावरून दीप्तिनिश्चिती

रूपविकारी (तेज बदलत राहणाऱ्या) ताऱ्याच्या वर्णपटातील रेषा व पट्ट यांवरून त्याची निरपेक्ष प्रत (ठराविक अंतरावरून दिसेल ते तेज; प्रतीचा आकडा मोठा, तर तारा मंद) ठरविण्याची पद्धती. तीवरून मिळणाऱ्या अंतराला ‘वर्णपटीय पराशय’ म्हणण्याचा प्रघात आहे. प्रत्यक्षात पराशय (पृथ्वीच्या भ्रमणामुळे ताऱ्याच्या दिशेत दिसणारा फरक) मोजलेला नसतोच.

पद्धतीचे जनकत्व सहसा मौंट विल्सन वेधशाळेतील वॉल्टर ॲडम्स व आर्नोल्ड कोलशुटर यांना (१९१४) देतात. तथापि अँटोनिया मॉरी यांनी १८९७ मध्येच, हार्व्हर्ड येथील वर्गीकरणात, बारीक व रेखीव रेषांच्या ताऱ्यांना ‘सी’ हे चिन्ह दिले होते. हार्व्हर्डच्या पुढील वर्गीकरणातून ते गळले. पण हे तारे मुळातच अधिक तेजस्वी असल्याचे एजनार हर्ट्‌झस्प्रुंग यांनी १९०५ च्या सुमारास दाखविले. त्यामुळे कल्पना मॉरी व हर्ट्‌झस्प्रुंग यांची आणि तिची मोजपट्टी ॲडम्स व कोलशुटर यांनी केली, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

महाराक्षसी (अतिप्रचंड व तेजस्वी) ताऱ्याचे वातावरण विरळ असल्याने आयनांना (इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूंना) इलेक्ट्रॉन सहजी परत मिळत नाहीत. म्हणून आयनीभूत स्ट्राँशियमची ४,०७७ अँगस्ट्रॉम तरंगलांबीची रेषा ठळक होते. थंड ताऱ्यांसाठी ऑलिन विल्सन व वेणू बाप्पू यांनी १९५७ मध्ये वेगळी खूण मांडली. आयनीभूत कॅल्शियमच्या के रेषेच्या (सु. ३,९३४ अँगस्ट्रॉम) तळाशी जी उत्सर्जन रेषा दिसते, तिची तीव्रता नव्हे, रुंदी दीप्तीशी निगडित असते. रुंदी दुप्पट, तर तारा साधारण साडेचार ते साडेपाच प्रतींनी तेजस्वी. या संबंधाचे कारण संक्षोभी (खळबळीची) गती की वर्णगोलातील (ताऱ्याच्या दृश्य पृष्ठावरील थरातील) द्रव्याचे प्रमाण, याबद्दल मतभेद आहेत. अलीकडे कल दुसऱ्या मताकडे दिसतो.

हे नियम स्थिर ताऱ्यांवरून बसविलेले. रूपविकारी तारा त्यांत नीट बसत नाही. वृषपर्वा समूहातील डेल्टा हा तारा ५.३७ दिवसांच्या आवर्तनात साधारण एफ ५ या वर्णपटीय वर्गापासून त्याहून थंड अशा जी वर्गाच्या आरंभापर्यंत जातो. अशा ताऱ्यांत के रेषेतील उत्सर्जनही मुख्यतः प्रकाश चढत असताना दिसते. कला (आवर्तनातील त्या वेळची स्थिती) नोंदविली नसेल, तर वर्णपट निरुपयोगी. अशा ताऱ्यांसाठी आवर्तकाल व दीप्ती यांचा संबंधच अधिक भरवशाचा.

दीर्घावर्ती ताऱ्यांत टायटॅनियम ऑक्साइडचे पट्ट तापमान सांगतात. अशाच ‘मीरा’ या ताऱ्याची दृश्य प्रत (डोळ्यांना दिसणारे तेज) सु. ३३२ दिवसांत कित्येक प्रतींनी बदलते, पण एकूण उत्सर्जित ऊर्जा फार कमी बदलते. उरलेला फरक या पट्टांचा व अवरक्ताकडे सरकलेल्या प्रकाशाचा.

मृगातील काक्षी हा रूपविकारी तारा २०२० च्या फेब्रुवारीत सु. १.६ प्रतीपर्यंत मंदावला, तेव्हा पट्टांवरून तापमान सु. ३,६०० केल्व्हिन निघाले. २००४ मध्ये ते सु. ३,६५० होते. एवढ्या घटीने इतकी मंदी येत नाही, म्हणून ताऱ्यासमोर आलेल्या धुळीकडे बोट दाखविले गेले. इतरांनी पृष्ठावरील थंड भाग पुढे केला. दोहोंचा वाटा मानणारे मत अधिक पटणारे आहे.

त्या क्षणाची दृश्य प्रत वर्णपटावरूनच काढायची, तर वर्णपटलेखकाच्या फटीबाहेर सांडलेला प्रकाश आडवा येतो. त्यासाठी फट रुंद ठेवून, शक्यतो आकाशात त्याच उंचीवरच्या प्रमाण (तेज आधीच ठाऊक असलेल्या) ताऱ्याचा वर्णपट लगोलग घेतात.