डीएनए-इजा व कर्करोग : मराठवाड्याच्या संदर्भात

पेशीकेंद्रातील डीएनए रेणूची रचना बिघडणे म्हणजे डीएनए-इजा. ही इजा दुरुस्त न होता पेशीविभाजनातून पुढच्या पेशींत उतरली की तिचे उत्परिवर्तन होते. पेशींच्या वाढीला लगाम घालणाऱ्या जनुकांत अशी उत्परिवर्तने वर्षानुवर्षे साचली की कर्करोगाला वाट मिळते. इजा करणारे घटक बाहेरचे असतात (तंबाखू, धूर, ऊन, बुरशीचे विष, काही विषाणू), तसेच शरीराच्या रोजच्या चयापचयातलेही असतात. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत लोकांचा ज्या घटकांशी नित्य संबंध येतो, त्यांच्यापुरता हा विषय येथे घेतला आहे. गावागावांत कर्करोगाचा दोष बहुधा ‘फवारणीचे अन्न’ आणि ‘हायब्रीड’ यांच्यावर टाकला जातो. उपलब्ध पुरावा मात्र आधी खिशातल्या पुडीकडे बोट दाखवतो.

इजेचे स्वरूप : इजा ही अपवादाने घडणारी गोष्ट नाही. स्वीडिश शास्त्रज्ञ टॉमस लिंडाल यांनी १९७० च्या दशकात दाखवले, की पाण्याच्या साध्या सान्निध्यातही डीएनएमधील प्युरीन घटक (डीएनएच्या चार ‘अक्षरां’पैकी अॅडेनीन व ग्वानीन ही दोन) आपोआप गळून पडतात. हे प्रमाण एका पेशीत दिवसाला सुमारे १०,००० इतके सांगितले जाते; मोजणीच्या पद्धतीनुसार आकडा बराच कमीजास्त होतो. यातील बहुतेक बिघाड पेशीतील एंझाइमे दुरुस्त करतात. या दुरुस्तीच्या यंत्रणा उलगडल्याबद्दल लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ सँजार यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

बाह्य घटकांची इजा वेगवेगळ्या प्रकारची असते. उन्हातील अतिनील किरण शेजारच्या दोन थायमीन घटकांना (हेही डीएनएचे एक अक्षर) एकमेकांशी जखडतात. क्ष-किरणांनी डीएनएची दोन्ही सूत्रे तुटू शकतात. धुरातील बेंझोपायरीन स्वतः फारसे घातक नसते. शरीरातील एंझाइमे त्याला बाहेर टाकण्यासाठी विरघळण्याजोगे करू पाहतात आणि त्याच खटपटीत त्याचे रूपांतर एका क्रियाशील इपॉक्साइडमध्ये होते. ते ग्वानीनला चिकटते. नक्कल करणारे एंझाइम त्या जागी चुकते आणि पुढच्या पिढीच्या पेशीत ग्वानीनच्या जागी थायमीन येते. पी५३ या रक्षक जनुकावर बेंझोपायरीन जेथे चिकटते, त्याच जागा फुप्फुसाच्या कर्करोगात बिघडलेल्या असतात, असे १९९६ मध्ये दाखवण्यात आले. कारण आणि रोग यांचा रेणूपातळीवर इतका थेट मेळ फार थोड्या ठिकाणी बसला आहे.

मतभेद : उत्परिवर्तन पुरेसे असते का, हा वाद जुना आहे. १९४० च्या दशकात उंदरांच्या त्वचेवर केलेल्या प्रयोगांत डांबरातील कर्कजनाचा (कर्करोग घडवणाऱ्या पदार्थाचा) एकच हात फिरवून पुढे जमालगोट्याचे तेल वारंवार लावले, तेव्हा गाठी आल्या. नुसत्या तेलाने जवळजवळ नाही. त्यावरून ‘आरंभ’ आणि ‘प्रवर्तन’ अशा दोन पायऱ्या मानल्या गेल्या. जनुकशास्त्राच्या भरभराटीत ही मांडणी काहीशी मागे पडली होती. २०२३ मध्ये लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी हवेतील सूक्ष्म कण दाह निर्माण करून फुप्फुसातील आधीच बिघडलेल्या, पण निद्रिस्त पेशींना चाळवतात असे दाखवल्यावर ती पुन्हा पुढे आली. दोन्ही मते एकमेकांना खोडत नाहीत. चुना-सुपारीच्या बाबतीत तर दोन्ही क्रिया एकाच जागी चालतात.

दुसरा वाद ‘नशिबा’चा. २०१५ मध्ये क्रिस्टियन टोमासेटी आणि बर्ट व्होगेलस्टाइन या अमेरिकेतील संशोधकांनी निरनिराळ्या ऊतकांतील मूलपेशींची (ज्यांच्यापासून ऊतकाच्या नव्या पेशी तयार होतात त्यांची) विभाजने आणि त्या ऊतकांतील कर्करोगाचा धोका यांत दाट सहसंबंध दाखवला. वर्तमानपत्रांनी त्याचा अर्थ ‘दोन-तृतीयांश कर्करोग नशिबाने होतात’ असा लावला. तो ग्राह्य वाटत नाही. मोठ्या आतड्याला लहान आतड्यापेक्षा कर्करोग अधिक का होतो, याचे उत्तर त्या गणितात आहे. एका प्रदेशात तोंडाचा कर्करोग अधिक आणि दुसऱ्यात कमी का, याचे नाही.

तंबाखू, सुपारी व मिश्री : २०१६–१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ वर्षांवरील २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते. ओढणारे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के होते. इजेची जागा या आकड्यांवरूनच ठरते: फुप्फुसाआधी तोंड.

तळहातावर तंबाखू घ्यायची, डबीतला चुना नखाने लावायचा, अंगठ्याने मळायची, दोन थापा मारून भुकटी उडवायची आणि खालच्या ओठाआड किंवा गालाच्या खोबणीत बार धरायचा. मराठवाड्याच्या पारावर हे दृश्य दिवसात कितीदा दिसते याची गणती नाही. बार ज्या जागी वर्षानुवर्षे बसतो, पांढरा चट्टा बहुधा त्याच जागी उमटतो. तंबाखू वाळवताना व मुरवताना निकोटीनपासून नायट्रोसअमाइने तयार होतात. त्यांतील एनएनएन आणि एनएनके ही सिद्ध कर्कजने आहेत. चुन्याने तोंडातील अल्कता वाढते, निकोटीन लवकर शोषले जाते, अस्तर सोलवटते. सुपारी सोबत असेल तर तिच्यातील पॉलिफिनॉले या अल्क माध्यमात ऑक्सिजनची क्रियाशील रूपे सोडतात आणि ग्वानीनचे ऑक्सिडीकरण होते. तंबाखू नसलेली सुपारीही मानवात कर्करोग घडवते, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये दिला. ‘नुसती सुपारी खातो’ हे उत्तर म्हणून निर्धास्त करणारे नाही.

सुपारीमुळे गालाच्या अस्तराखाली तंतू दाटतात, गाल ताठ होतो आणि तोंड उघडेनासे होते. दंतवैद्य अशा रुग्णाला स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात घालायला सांगतात. दोनच किंवा एकच बोट गेले तर विकार पुढे सरकलेला असतो. मावा आणि गुटखा यांच्या प्रसारानंतर हा विकार अगदी विशीतल्या मुलांत दिसू लागला. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण सुपारीची आणि तंबाखूची वेगळी पुडी घेऊन एकत्र खाण्याची पद्धत रुळली.

मिश्रीचा विचार वेगळा करावा लागतो, कारण ती मुख्यतः बायकांची सवय आणि तिला व्यसन म्हणून मोजले जात नाही. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजतात, कुटून डब्यात भरतात आणि सकाळी तर्जनीने दातांवर-हिरड्यांवर घासतात. भाजण्यामुळे तंबाखूतील नायट्रोसअमाइनांच्या जोडीला बेंझोपायरीनसारखी धुराच्या कुळातील संयुगेही येतात. म्हणजे न ओढताही धुरातील कर्कजन हिरडीला लागते. गरोदरपणातही ही सवय सुटत नाही, ही गोष्ट आरोग्यसेविकांच्या नित्य परिचयाची आहे.

या इजेची खूण पाहण्याची सोपी पद्धत म्हणजे सूक्ष्मकेंद्रक चाचणी. गालाच्या आतून लाकडी पट्टीने पेशी खरवडतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मुख्य केंद्रकाशेजारी तुटलेल्या गुणसूत्राचा लहान ठिपका शोधतात. तंबाखू-सुपारी घेणाऱ्यांत असे ठिपके अधिक आढळतात. गालाचे अस्तर दोन-तीन आठवड्यांत बदलत असल्याने चाचणी अलीकडची इजा सांगते, आयुष्यभराची नव्हे.

नोंदणी आणि तिचा अर्थ : ग्रामीण भारतातील पहिली कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शी येथे सुरू झाली. तिच्या क्षेत्रात सोलापूर जिल्ह्यातील बार्शीसोबत परांडा आणि भूम हे तेव्हाच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातील तालुके आले. पुढे उस्मानाबाद व बीड जिल्ह्यांची वेगळी नोंदणीही झाली. राष्ट्रीय नोंदणीच्या २०१२–१६ च्या अहवालात या दोन जिल्ह्यांचा वयानुरूप दर (लोकसंख्येच्या वयोरचनेतील फरक जमेस धरून काढलेला नव्या रुग्णांचा दर) एक लाखामागे पुरुषांत ३९.५ आणि स्त्रियांत ४९.४ असा, देशातील नोंदणीक्षेत्रांत सर्वांत कमी आहे. याच अहवालात पुरुषांचा सर्वाधिक दर ऐझॉल येथे २६९.४ आहे.

हा दर खरोखरच इतका कमी आहे काय? एका मतानुसार बरेच रुग्ण निदानाविनाच जातात: म्हातारी माणसे घरीच मरतात, मृत्यूचे वैद्यकीय कारण लिहिले जात नाही, ऊसतोडीला गेलेली कुटुंबे पाच-सहा महिने गावात नसतात. दुसऱ्या मतानुसार धूम्रपान कमी, कष्टाचे जीवन आणि ज्वारी-डाळीचा आहार यांमुळे दर खरोखर खाली आहे. शिवाय बार्शीच्या नोंदणीतील कर्मचारी रुग्णालयात वाट पाहत न बसता गावोगाव जाऊन लोकांना भेटत, त्यामुळे सुटलेल्या रुग्णांची संख्या फार नसावी. बार्शीच्या पद्धतीमुळे दुसऱ्या मताला वजन येते; मात्र बीडच्या स्थलांतरित टोळ्यांना ते जसेच्या तसे लागू करता येत नाही. एकूण दरापेक्षा त्यातील वाटणी अधिक भरवशाची समजावी: स्त्रियांत पुरुषांपेक्षा दर जास्त आहे आणि त्याचे एक मोठे कारण गर्भाशयमुखाचा कर्करोग आहे.

गर्भाशयमुख : येथील बाह्य घटक म्हणजे मानवी पॅपिलोमा विषाणू. त्याचे ई६ प्रथिन पी५३ला नष्ट करते आणि ई७ दुसऱ्या रक्षक प्रथिनाला बांधून ठेवते. म्हणजे डीएनए बिघडलेली पेशीही न थांबता विभागत राहते. संसर्गापासून कर्करोगापर्यंत बहुधा दशकभर किंवा अधिक काळ जातो. या विषयातील जगभर उद्धृत होणारी एक चाचणी मराठवाड्यातच झाली. १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यातील ५२ ग्रामसमूहांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा तीत समावेश होता. एकदाच केलेल्या विषाणू-तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्याने घटले, असा तिचा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष. तुलनेसाठीच्या गटाला तपासणी दिली नव्हती, यावर नैतिक आक्षेप घेतले गेले. ते रास्त आहेत.

याच पट्ट्यात कर्करोगाच्या भीतीचा उलटा वापरही झाला. अंगावरून पांढरे जाते किंवा ओटीपोट दुखते म्हणून आलेल्या ऊसतोड स्त्रियांना ‘कॅन्सर होईल’ असे सांगून पिशवी काढण्याचा सल्ला दिला गेल्याच्या तक्रारी बीड जिल्ह्यातून आल्या. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पांढरे जाणे हा कर्करोग नव्हे आणि त्यासाठी गर्भाशय काढण्याला शास्त्रीय आधार नाही. खाडा पडला की मुकादमाचा दंड, तोडीवर ना आडोसा ना पुरेसे पाणी. या परिस्थितीत त्या बायांनी काय निवडावे, हा प्रश्न जीवशास्त्राच्या पलीकडचा असला तरी नोंदवल्यावाचून राहवत नाही.

धान्यातील बुरशी : अॅफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष १९६० मध्ये इंग्लंडमध्ये भुईमुगाची पेंड खाऊन हजारो टर्की पक्षी मेल्यावर लक्षात आले. यकृतात त्याचे इपॉक्साइड होते, ते ग्वानीनला चिकटते आणि पी५३ जनुकाच्या २४९ व्या संकेतस्थानी ठरावीक बिघाड करते. कावीळ ‘ब’चा संसर्ग असेल तर यकृताच्या कर्करोगाचा धोका कैक पटींनी वाढतो. ओल्या शेंगा पोत्यात भरणे, ओल लागलेल्या पेवातले धान्य काढून वापरणे, कुबट दाणे भाजून चटणीत घालणे ही या विषाची ओळखीची वाट आहे. घरगुती भाजण्याने ते पूर्णपणे जात नाही. काढणीच्या वेळी पावसात सापडलेल्या काळ्या ज्वारीवर वेगळी बुरशी असते. तिच्या फ्युमोनिसिन या विषाने १९९५ मध्ये कर्नाटक व तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील दख्खनी गावांत जुलाब-पोटदुखीची साथ आली होती. ते डीएनएला थेट चिकटत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था पुराव्यानुसार ‘सिद्ध’, ‘संभाव्य’ आणि ‘शक्य’ असे उतरत्या खात्रीचे गट करते; मानवातील कर्करोगाबाबत ते ‘शक्य’ या गटात आहे.

इतर घटक : पऱ्हाटी, तुराट्या आणि गोवऱ्या यांच्या चुलीचा धूर ‘संभाव्य’ कर्कजन मानला जातो. कीटकनाशकांपैकी लिंडेन सिद्ध, तर डीडीटी, मॅलॅथिऑन आणि ग्लायफोसेट हे तणनाशक ‘संभाव्य’ गटात आहेत. हे वर्गीकरण पुराव्याची खात्री सांगते, धोक्याचे माप नाही. फवारणाऱ्याच्या अंगावर उडणारे आणि भाजीवर उरणारे औषध यांत मोठे अंतर आहे. काळजी पहिल्याची अधिक करायला हवी. दारूपासून होणारे अॅसिटाल्डिहाइड डीएनएला बांधते, आणि तंबाखूसोबत तोंड व अन्ननलिकेचा धोका गुणाकाराने वाढतो. सावळ्या त्वचेतील रंगद्रव्यामुळे उन्हाचा त्वचाकर्करोग येथे विरळ आहे. कमरेच्या घट्ट गाठीखाली होणारा ‘धोतर-कर्करोग’ विकृतिशास्त्रज्ञ व्ही. आर. खानोलकर यांनी १९४५ मध्ये वर्णिला. त्यात किरण किंवा रसायनापेक्षा सततच्या घर्षणाची जखम कारण असावी. जमिनीतून येणाऱ्या नैसर्गिक किरणोत्सर्गाचा विचार केला, तर दख्खनच्या काळ्या बेसाल्टात युरेनियम-थोरियम अल्प असते. नांदेड जिल्ह्याच्या देगलूर-मुखेड भागातील ग्रॅनाइटी खडकांत ते तुलनेने अधिक.

सवय सुटल्यावर : तंबाखू बंद केल्यावर गालातील सूक्ष्मकेंद्रके कमी होऊ लागतात आणि काही पांढरे चट्टे मावळतात. मूलपेशींत आधी उमटलेली उत्परिवर्तने राहतात, म्हणून धोका एकदम न उतरता वर्षांनुवर्षे हळूहळू उतरतो आणि तोंडाची तपासणी चालू ठेवावी लागते. सुपारीने आखडलेला गाल मात्र सवय सुटल्यानेच पूर्ववत होत नाही. तोंडाचे व्यायाम, औषधे आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया करावी लागते.