पार्किंग मीटर बदलायचा म्हणजे नेमके काय बदलायचे?

पार्किंग मीटर म्हणजे रस्त्याकडेला गाडी उभी करण्याचे पैसे घेणारे यंत्र. जुना मीटर उघडला तर आत एक घड्याळच दिसते. नाणे टाकून दांडा फिरवला की स्प्रिंगला चावी बसते. पुढे ती स्प्रिंग हळूहळू सैल होते, दातेरी चाके तिला एकदम सुटू देत नाहीत आणि काटा संथपणे शून्याकडे सरकतो. वेळ संपली की काचेमागे लाल पत्रा दिसतो. वीज नाही, सेलही नाही.

असा पहिला मीटर १६ जुलै १९३५ रोजी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत बसला. कल्पना कार्ल मॅगी या वृत्तपत्र संपादकाची, यंत्ररचना होल्गर थ्युसेन आणि जेराल्ड हेल यांची. दर तासाला ५ सेंट. दुकानांसमोर दिवसभर ठाण मांडणाऱ्या गाड्या हलाव्यात, एवढाच हेतू होता. हे यंत्र इतके चिवट निघाले की न्यूयॉर्कने आपला शेवटचा यांत्रिक मीटर थेट डिसेंबर २००६ मध्ये उतरवला.

अर्थात दाते झिजतात, कडाक्याच्या थंडीत वंगण घट्ट होते आणि घड्याळ चुकू लागते. शिवाय अशा मीटरला नाण्याची पारख बेताचीच. आकार, जाडी आणि फार तर लोहचुंबकाला चिकटते का, एवढेच तो तपासतो. इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये नाणे तारेच्या वेटोळ्याजवळून घरंगळते. वेटोळ्यातल्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे नाण्याच्या धातूत भोवऱ्यासारखे सूक्ष्म विद्युतप्रवाह उठतात आणि त्यांचा परिणाम उलट वेटोळ्यावर होतो. हा परिणाम प्रत्येक मिश्रधातूचा वेगळा असतो, त्यामुळे नाण्याच्या मापाची लोखंडी चकती लगेच पकडली जाते.

नव्या मीटरच्या डोक्यावर छोटे सोलर पॅनल असते, पोटात बॅटरी आणि मोडेम, म्हणजे मोबाइल नेटवर्कवरून संपर्क साधणारा भाग. विजेचा मोठा वाटा मोडेम खातो, म्हणून मीटर बहुतेक वेळ झोपलेला असतो आणि कोणी बटण दाबले की जागा होतो.

पण जुनाट होण्याची रीतही इथे बदलते, आणि शहरांनी खरा विचार याच मुद्द्यावर करायला हवा असे मला वाटते. यांत्रिक मीटर झिजून मरायचा. नवा मीटर ठणठणीत असतानाही निकामी होऊ शकतो. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या मोबाइल कंपन्यांनी थ्रीजी सेवा बंद केली. ज्या मीटरमध्ये फक्त थ्रीजी मोडेम होते, त्यांचा संपर्कच तुटणार होता. त्याआधी १ जानेवारी २०२० रोजी न्यूयॉर्कच्या सुमारे १४,००० मीटरनी कार्ड घेणे बंद केले होते. बिघाड एकही नव्हता. पैसे घेणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तीच तारीख शेवटची म्हणून नोंदलेली होती. त्यामुळे मोडेम वेगळा काढून बदलता येतो का आणि सॉफ्टवेअर कोण, किती वर्षे सांभाळणार, हे खरेदीच्या वेळीच लिहून घेतलेले बरे.

मग हा खटाटोप कशासाठी? जुन्या मीटरला फक्त वेळ कळते, नव्याला मागणीही कळते. सॅन फ्रान्सिस्कोने २०११ मध्ये काही भागांत रस्त्यात चुंबकीय सेन्सर पुरले. गाडीच्या लोखंडामुळे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र तिथे किंचित वाकते, त्यावरून जागा भरलेली आहे की रिकामी ते समजते. ६० ते ८० टक्के जागा भरलेल्या राहाव्यात, असे धोरण ठेवले. रस्ता याहून जास्त भरला तर तासाचा दर २५ सेंटने वाढायचा, ओस राहिला तर उतरायचा. मोकळ्या जागेच्या शोधात घिरट्या घालणाऱ्या गाड्या कमी होणे, हा यातला खरा फायदा.

२०१३ च्या अखेरीस या सेन्सरच्या बॅटऱ्या संपत आल्या आणि ते बंद केले गेले. प्रयोग मात्र थांबला नाही. सेन्सर चालू होते त्या काळात कुठल्या रस्त्यावर किती पैसे भरले गेले आणि प्रत्यक्षात किती गाड्या उभ्या होत्या, या दोन्ही नोंदी शहराकडे जमल्या होत्या. त्यांचा मेळ घालून नुसत्या मीटरच्या जमेवरून गर्दीचा अंदाज बांधायची पद्धत तयार झाली, आणि २०१८ पासून शहरभरातल्या मीटरचे दर त्याच आधारे ठरू लागले.