‘ही राणीच असणार!’ : डॉक्टर हूमधल्या एका जुन्या संशयाची पार्श्वभूमी

१७ मे २०२५ रोजी बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या, काळात भटकणाऱ्या परग्रहवासी डॉक्टरच्या विज्ञानकथा मालिकेचा ‘द इंटरस्टेलर साँग कॉन्टेस्ट’ हा भाग दाखवला गेला. शेवटी श्रेयनामावलीच्या मध्येच आलेल्या छोट्या प्रसंगात मिसेस फ्लड ही आगाऊ शेजारीण म्हणजे मुळातली ‘राणी’, या मालिकेतली एक जुनी खलनायिका, असल्याचं उघड झालं. जुन्या चाहत्यांना धक्का बसला तो वेगळ्याच कारणाने. कुणी गूढ बाई दिसली की ‘ही राणीच असणार!’ असा जो अंदाज ते दर वेळी करत आणि दर वेळी तोंडघशी पडत, तो या वेळी चक्क खरा निघाला होता. (मालिका पाहायची राहिली असेल, तर इथेच थांबलेलं बरं, पुढे सगळंच फोडलेलं आहे.)

राणी मुळात काही फार मोठी खलनायिका नव्हे. पिप आणि जेन बेकर या लेखक दांपत्याने १९८५ च्या ‘द मार्क ऑफ द रानी’साठी ती घडवली आणि केट ओमारा यांनी ती साकारली. राणी हुशार शास्त्रज्ञ, पण प्रयोगापुढे तिला कशाचीच पर्वा नाही. तिने वाढवलेल्या उंदरांनी राष्ट्राध्यक्षांची मांजर खाल्ली म्हणून तिला गॅलिफ्रे या तिच्या आणि डॉक्टरच्या ग्रहावरून हाकलण्यात आलं! या कथेत ती खाणकामगारांच्या न्हाणीघरात म्हातारीच्या वेषात बसते आणि त्यांच्या मेंदूतलं झोपेचं रसायन काढून घेते. म्हणजे वेषांतर पहिल्या दिवसापासूनचं. १९८७ च्या ‘टाइम अँड द रानी’त तर ती लाल केसांचा टोप चढवून डॉक्टरची सोबतीण मेल बनते. मूळ मालिकेतला तिचा कारभार एवढाच, दोन कथांचा.

संशय घेण्याची सवय मात्र तिच्याही आधीची आणि ती लावली खुद्द बीबीसीनेच. डॉक्टरचा कट्टर वैरी मास्टर १९७१ मध्ये आला, तेव्हा रॉजर डेलगाडो ती भूमिका करत. १९८१ पासून अँथनी एनली मास्टर झाले आणि लपवाछपवी वाढली. एखाद्या भागातला परका माणूस म्हणजे वेषांतर केलेला मास्टर असला, तर श्रेयनामावलीत एनलींचं नाव कसं द्यायचं? ‘कॅस्ट्रोव्हाल्वा’त (१९८२) त्या भूमिकेपुढे ‘नील टॉयने’ असं नाव झळकलं. रोमन लिपीतल्या ‘टोनी एनली’ची अक्षरं पुढेमागे केली की नेमकं हेच नाव तयार होतं. १९८३ च्या ‘द किंग्ज डीमन्स’मध्ये ‘जेम्स स्टोकर’ आले. त्या अक्षरांतून निघतं ‘मास्टर्स जोक’. ज्या प्रेक्षकांना निर्माते असली कोडी घालतात, ते पुढे प्रत्येक नावाची चिरफाड करणार, हे उघड आहे.

शिवाय कथेचा पायाच असा, की कुठलीही शंका सपशेल खोटी ठरत नाही. १९६६ मध्ये विल्यम हार्टनेल जाऊन पॅट्रिक ट्राउटन आले आणि डॉक्टर नव्या चेहऱ्याने जगू शकतो हे ठरलं. तीच सोय त्याच्या जातकुळीतल्या इतरांनाही मिळाली. मग कोपऱ्यात उभी असलेली कुठलीही बाई कोण असेल, याचा नेम काय?

२००५ मध्ये मालिका परतल्यावर लेखक-निर्माते रसेल टी. डेव्हिस यांनी याचा पुरेपूर फायदा घेतला. ‘मिस्टर सॅक्सन’ हे नाव आधी बातमीत, कुणाच्या बोलण्यात असं सहज येत राहिलं आणि २००७ मध्ये तो मास्टर निघाला. त्याच्या नावातून ‘मास्टर नंबर सिक्स’ निघतं हे चाहत्यांनी शोधून काढलं; डेव्हिस म्हणाले, निव्वळ योगायोग. २०१४ मध्ये मिसी आली तेव्हा राणीच्या नावाचा पुकारा झाला. निघाली मास्टरच, बाईच्या रूपात. माझ्या मते सगळ्यात चांगला धक्का २०२० च्या ‘स्पायफॉल’चा. भारतीय वंशाच्या सचा धवन यांचा तो बुजरा हेर मास्टर असेल, असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, कारण तिथे कोडंच मांडलेलं नव्हतं.

२०२४ मध्ये डेव्हिस यांनी चाहत्यांच्याच खोडीचा सापळा केला. सुझन ट्विस्ट ही अभिनेत्री दर भागात वेगळ्या भूमिकेत दिसायची. पुढे ती सुझन ट्रायड नावाची उद्योजिका म्हणून आली. ‘एस. ट्रायड’मधून ‘टार्डिस’ (डॉक्टरचं कालयान) निघतं म्हणून सगळे खूश: ही डॉक्टरची नात सुझनच! ते आमिष होतं. खरा दुवा ‘सू टेक’ या उच्चारात होता, म्हणजे सुतेख, १९७५ च्या ‘पिरॅमिड्स ऑफ मार्स’मधला खलनायक. आवाजही त्याच गेब्रिएल वुल्फ यांचा.

२०२३ च्या नाताळपासून कॅमेऱ्याकडे बघून बोलणारी मिसेस फ्लड मात्र या गोंधळात तशीच राहिली. अनिता डॉबसन यांची ही म्हातारी अखेर दुभंगली आणि तिच्यातून आर्ची पंजाबी यांची नवी, रुबाबदार राणी बाहेर पडली. इतकी वर्षं वाट पाहायला लावून पुढच्या दोन भागांतच नव्या राणीला ओमेगा या जुन्या खलनायकाच्या घशात घालणं मला पटलं नाही. पंजाबी यांना आणखी वाव हवा होता. मिसेस फ्लड मात्र निसटली.

त्याच शेवटच्या भागात, ३१ मे २०२५ रोजी, डॉक्टरचा चेहरा बदलला आणि समोर आल्या बिली पायपर, पूर्वी डॉक्टरची सोबतीण रोझ साकारलेल्या अभिनेत्री. नवा डॉक्टर आला की नावापुढे ‘डॉक्टरच्या भूमिकेत’ असं येतं. इथे नुसतंच ‘आणि नव्याने, बिली पायपर’. भूमिकेचा उल्लेख गाळलेला पाहताच लोक पुन्हा कामाला लागले.