मागच्या काचेचा डीफॉगर रिमोट स्टार्टला जोडून घेण्यापूर्वी

मिरगाचा पाऊस लागला की आमच्या कुडाळच्या वर्कशॉपमध्ये हमखास विचारणा होते: रिमोटने गाडी चालू होते, एसी लागतो, मग मागची काच तेवढी धुरकट का राहते? एसीचा नॉब रात्री चालू ठेवलात तर सकाळी इंजिनबरोबर एसीही लागतो. काच तापवून वाफ घालवणाऱ्या डीफॉगरचं बटण मात्र बहुतेक गाड्यांत नुसतं दाबून सोडायचं असतं आणि गाडी बंद झाली की तेही बंद. म्हणजे ते बटण रिमोट युनिटकडूनच, म्हणजे रिमोटवरून गाडी चालू करणाऱ्या डब्याकडूनच, दाबून घ्यावं लागतं. हे काम होतं आणि आंबोली घाट उतरून रोज येणाऱ्यांनी तर ते करूनच घ्यावं. फक्त आधी काचेवर आडव्या तपकिरी रेघा आहेत ना ते बघा. बऱ्याच बेस मॉडेलना त्या नसतात. मग जोडण्यासारखं काही उरत नाही.

आता मुख्य मुद्दा. युनिट आमच्याकडून नेऊन डीफॉगरची जोडणी घरी किंवा ओळखीच्या वायरमनकडे करून घेणारे दर पावसाळ्यात परत येतात, आणि चूक प्रत्येकाची तीच असते. डिकीच्या झाकणात काचेकडे जाणारी जाड वायर सापडते आणि युनिटची बारीक वायर सरळ तिला पिळली जाते.

काचेवरच्या रेघा म्हणजे चांदीच्या पेस्टने छापलेला हीटर. तो 12 व्होल्टवर साधारण 10 ते 20 अँपिअर ओढतो. युनिटची ती बारीक वायर बहुधा पाव अँपिअरच्या आसपासच झेपवते. शिवाय ती प्लस देत नाही, अर्थ (म्हणजे मायनस) देते. त्यामुळे पहिल्या दिवशी काहीच होत नाही, काच थंडच. मग रिमोटवर इंजिन चालू असताना मालक डॅशबोर्डवरचं बटण दाबून बघतात. जाड वायरीत प्लस येतो, बारीक वायरीत अर्थ तयारच असतो, आणि युनिटमधला ट्रान्झिस्टर जातो. फ्यूज त्याला वाचवेलच असं नाही. त्यानंतर फोन येतो की युनिट ड्युप्लिकेट दिलंत. युनिट ड्युप्लिकेट नसतं हो. पण ते सिद्ध करायला आम्हाला डॅश उघडून सगळं वायरिंग तपासावं लागतं, अर्धा दिवस जातो, आणि अशा जळलेल्या युनिटला वॉरंटी लागू होत नाही. ही मजुरी आम्ही लावतो, कारण तेवढ्या वेळात दुसरी गाडी पूर्ण झाली असती.

आम्ही जाड वायरीला युनिट लावतच नाही. दाबून सोडायचं बटण असेल तर बटणामागची सिग्नल वायर शोधतो, मल्टिमीटरने तपासतो आणि युनिटकडून तिला क्षणभर अर्थ देतो. तोही इंजिन लागल्यावर काही सेकंदांनी. स्टार्टर फिरताना बाकीचा सप्लाय तुटतो, तेव्हा दिलेला सिग्नल वाया जातो. जुन्या गाड्यांत बटण दाबलेलंच राहतं. तिथे वेगळा रिले (बारीक करंटने जाड करंट चालू-बंद करणारा स्विच), त्याला स्वतंत्र फ्यूज, आणि रिलेच्या कॉइलवर उलटा झटका अडवणारा डायोड. कॉइलचा प्लस इग्निशनवरून घेतो, म्हणजे गाडी बंद झाली की काचही बंद आणि बॅटरी उतरत नाही. 'एवढ्याशा कामाला रिले कशाला' असं विचारतात, त्यांच्यासाठी हे सगळं लिहिलं.

जॉइंटला आम्ही सोल्डर आणि हीट श्रिंक स्लीव्ह वापरतो. मे महिन्याच्या उन्हात टेपचा गोंद सुटतो, जुलैत आत पाणी शिरतं. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या खाऱ्या हवेत तर तांबं बघता बघता हिरवं होतं.

काम झाल्यावरही दोन फोन येतात. काच दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप बंद होते: तो गाडीचाच टायमर आहे, दोष नाही. आणि कधी लागते, कधी लागत नाही: काही गाड्या बटणाची मागची स्थिती लक्षात ठेवतात, मग आमचा सिग्नल चालू डीफॉगर उलट बंद करतो. अशा गाडीत उतरण्यापूर्वी बटणाचा दिवा विझवा.

गिअरची गाडी असेल तर गाडी न्यूट्रलला आहे आणि हँडब्रेक ओढलेला आहे हे ओळखणारं सेन्सिंग घातल्याशिवाय आम्ही रिमोट स्टार्ट देत नाही, कितीही ओळख असली तरी. रिमोटने गाडी चालू करायची ती आपल्या खळ्यात, म्हणजे अंगणात. सार्वजनिक रस्त्यावर चालकाच्या सीटवर कोणी नसताना इंजिन चालू ठेवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 126 मध्ये बसत नाही. बंद गॅरेजमध्येही नको, धूर आत कोंडतो.

मागच्या काचेवरची जुनी फिल्म ब्लेडने खरवडू नका. एक रेघ तुटली की तेवढी पट्टी धुरकटच राहणार. तुटलेली रेघ चांदीच्या पेंटने जोडून मिळते आणि जोडणीला आलेल्या गाडीच्या सगळ्या रेघा आम्ही फुकट तपासतो. गाडी सकाळी सोडा, दोन्ही चाव्या आणा. चाकरमानी गावी आले की आमच्याकडे उभं राहायला जागा नसते, तेव्हा गणपतीच्या आदल्या आठवड्यात या कामासाठी येऊ नका.