माठ वाजवून घेतात, विमानसुद्धा

उन्हाळा लागला की सोलापुरात माठ घ्यायला पावलं कुंभार वेशीकडे वळतात. आधी टिचकी मारायची. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर कुठेतरी चीर आहे. टिचकी गळ्यावर मारा नाहीतर पोटावर, माठाचे सूर तेच असतात. कुठला जास्त ऐकू येतो, एवढंच बदलतं.

रडारवर दिसलेलं विमान कोणतं, हे ओळखायची एक पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. परतलेल्या लहरीच्या जोरावर भिस्त ठेवता येत नाही, कारण विमान समोरून येतंय की आडवं जातंय, त्यावर तो जोर प्रचंड बदलतो. पण रेडिओलहरींचा अगदी छोटा स्पंद, म्हणजे क्षणभराचा झटका, विमानावर आदळला, की धातूच्या अंगावरून विद्युतप्रवाह मागे-पुढे धावतात आणि स्पंद पुढे निघून गेल्यावरही विमान क्षणभर ‘वाजत’ राहतं. सूर ठरतात आकारावरून. 15 मीटर लांबीच्या बारीक धातूच्या काठीचा सर्वांत खालचा सूर साधारण 30 मीटर तरंगलांबीचा, म्हणजे सेकंदाला सुमारे 1 कोटी कंपनांचा. सोलापुरात ढगांच्या अभ्यासासाठी बसवलेल्या सी-बँड रडारची तरंगलांबी जेमतेम 5 सेंटिमीटर. हा खर्ज तिने छेडला जात नाही.

अमेरिकेत कार्ल बॉम यांनी 1971 मध्ये याचं गणित मांडलं. प्रत्येक सुराचे आकडे दोन: कंपनसंख्या आणि तो किती लवकर विरतो. विमान कसंही वळलं तरी हे दोन्ही बदलत नाहीत. आलेल्या लहरीतून ते वेगळे काढायची एक रीत फ्रेंच अभियंता प्रोनी यांनी 1795 मध्येच देऊन ठेवली होती, तेव्हा रडारचं नावही नव्हतं!

मला सर्वांत भावते ती मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या कुन-मू चेन आणि सहकाऱ्यांची 1980च्या दशकातली ‘ई-पल्स’ नावाची रीत. एखाद्या विमानाचे सूर आधीच माहीत असतील, तर नेमके तेच सूर पुसून टाकणारा स्पंद घडवायचा. आलेली लहर त्यातून गाळली आणि मागे शांतता उरली, तर विमान तेच. काही गुणगुणत राहिलं, तर दुसरं.

अडचण मोठी आहे. विमानाचा सूर दोन-चार हेलकाव्यांतच विरतो आणि तेवढ्यात गोंगाट त्याला गिळतो. विरण्याचा वेग मोजताना तर फारच चुका होतात.

जमिनीत पुरलेल्या धातूच्या वस्तू याच रीतीने ओळखता येतील का, यावरही काम झालंय. तिथे भोवतालची माती सूर खाली आणते, आणि ओली माती कोरडीपेक्षा जास्त. पाण्याने भरलेला माठ रिकाम्या माठासारखा वाजत नाही, तसंच. आपल्या काळ्या रानात मे महिन्यात टिपलेले सूर पावसाळ्यात जुळणार नाहीत, पुन्हा टिपावे लागतील.