पार्श्वभूमी: सुपरमार्केटच्या पार्किंगला रस्त्याचे नियम का लागले नाहीत

सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये आधी कोणी जायचे, हा वाद रोजचा आहे. रिव्हर्स येणाऱ्या गाडीने थांबायचे की वाटेने सरळ चाललेल्या गाडीने? ट्रॉली ढकलत मधोमध चालणाऱ्या माणसाने बाजूला व्हायचे की गाडीने त्याच्या मागून सावकाश यायचे? रस्त्यावर अशा प्रश्नांना लेखी उत्तरे असतात. पार्किंगमध्ये बराचसा कारभार समजुतीवर चालतो. असे का झाले हे शोधायला गेले, तर विम्याच्या कायद्यातल्या एका शब्दापाशी येऊन थांबावे लागते.

सुरुवातीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. 1930 साली न्यूयॉर्कमध्ये एका जुन्या गॅरेजच्या जागेत पहिले सुपरमार्केट उघडले. जागा स्वस्त, माल भरपूर आणि गाडी लावायची सोय, असा तो हिशेब होता. 1937 मध्ये ओक्लाहोमा सिटीत चाकांची ट्रॉली आली. सुरुवातीला गिऱ्हाईक तिला हात लावेना, म्हणून दुकानात ट्रॉली ढकलत फिरण्यासाठी पगारी माणसे ठेवावी लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर एकात एक सरकवून ठेवता येतील अशा ट्रॉल्या निघाल्या आणि त्या मोठ्या संख्येने बाळगणे दुकानांना परवडू लागले. ट्रॉली दुकानाबाहेर पडून गाडीच्या डिकीपर्यंत पोचली, तिथे पार्किंगचे रूप बदलले. दोन्ही हात गुंतलेला, समोर सामानाचा ढीग असलेला आणि बरेचदा ट्रॉलीच्या बैठकीत मूल बसवलेला माणूस गाड्यांच्या वाटेवरून चालू लागला.

आराखडे करणाऱ्यांना हे दिसत नव्हते असे नाही. गाड्यांच्या रांगा दुकानाच्या दर्शनी भिंतीला काटकोनात ठेवाव्यात, म्हणजे लोक गाड्यांच्या फटींतून न घुसता दोन रांगांमधल्या वाटेने सरळ दाराशी येतील, हा संकेत जुना आहे. पण या सोयीत एक तडजोड दडलेली होती. पायी चालणाऱ्याला वेगळी वाट न देता गाड्यांच्याच वाटेवर चालायला सांगितले गेले. आणि दुकानाच्या दारासमोरचा आडवा पट्टा, जिथे सगळे पादचारी एकत्र येतात, तिथूनच जवळची जागा शोधणाऱ्या गाड्या फेऱ्या मारतात. पुढे अनेक ठिकाणी रंगवलेल्या पायवाटा आल्या, झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे आले, गतिरोधक आले. मात्र ते जागेच्या मालकाने स्वतःच्या मर्जीने केले. जिथे पट्टे पुसले गेले, तिथे ते पुन्हा रंगवण्याची सक्ती बहुधा कोणावर नसते.

आता तो शब्द. ब्रिटनमध्ये 1930 च्या कायद्याने वाहनाचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा केला, पण ही सक्ती ‘रस्त्यावर’ गाडी वापरणाऱ्यासाठी होती. आणि रस्ता म्हणजे काय? ‘हायवे’, म्हणजे जाण्यायेण्याचा कोणताही सार्वजनिक मार्ग, तसेच जनतेला प्रवेश असलेला दुसरा कोणताही रस्ता. व्याख्येतच तो शब्द पुन्हा आल्यामुळे ती स्वतःभोवती फिरत राहते. हीच व्याख्या थोड्याफार फरकाने 1988 च्या कायद्यात उतरली. मधल्या काळात सुपरमार्केटची पार्किंगे शेकडो गाड्यांची झाली, बहुमजली झाली, तरी ती रस्ता आहेत की नाहीत हा प्रश्न कायद्याने स्पष्ट सोडवला नाही. प्रत्येक न्यायालय आपापल्या परीने निकाल देत राहिले.

1990 च्या दशकात दोन दावे एकत्र वरपर्यंत गेले. एकात खुल्या पार्किंगमध्ये गाडीची धडक बसून एक जण जखमी झाला होता. दुसऱ्यात बहुमजली पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाडीत लायटरच्या इंधनाचा डबा गळत होता. चालकाने सिगारेट पेटवली आणि आत बसलेला त्याचा मित्र भाजला. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता: नुकसानभरपाई विमा कंपनीने द्यायची का? म्हणजेच, पार्किंग हा रस्ता आहे का? अपील न्यायालयाने जखमींच्या बाजूने कौल दिला. 1998 च्या ऑक्टोबरमध्ये तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने तो उलटवला.

निकालामागचा तर्क तसा घट्ट होता. रस्ता एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्यासाठी असतो आणि पार्किंग गाडी उभी करण्यासाठी. पार्किंगमध्ये गाड्या फिरतात हे खरे, पण ते फिरणे उभे राहण्याच्या कामासाठी आहे. निदान रांगांमधली वाट तरी रस्ता माना, हा युक्तिवादही त्याच कारणाने टिकला नाही. शिवाय संसदेने इतर काही कलमांत ‘रस्ता किंवा अन्य सार्वजनिक जागा’ असे शब्द वापरले होते. दारू पिऊन गाडी चालवण्याच्या कलमात ते आधीपासून होते, आणि धोकादायक व निष्काळजी वाहन चालवण्याच्या कलमांत 1991 च्या दुरुस्तीने घातले गेले. जिथे पार्किंगसारख्या जागा धरायच्या होत्या तिथे संसदेने तसे लिहिले, विम्याच्या कलमात लिहिले नाही, तेव्हा न्यायालयाने ते आपल्या पदरचे घालू नये, असा एकूण सूर होता.

शब्दांचा अर्थ लावण्यापुरता हा निकाल समजण्यासारखा आहे. परिणाम मात्र विचित्र झाला. त्याच पार्किंगमध्ये, त्याच चालकाने, त्याच निष्काळजीपणाने कोणाला उडवले तर त्याच्यावर फौजदारी खटला चालू शकत होता, पण जखमीचे पैसे देण्यासाठी विमा असण्याची सक्ती नव्हती. आजही या निकालाचे समर्थन करणारे म्हणतात की दोष कायद्याचा होता आणि दुरुस्ती संसदेनेच करायला हवी होती. ते मान्य केले तरी एक गोष्ट उरते. जिथे माणसे आणि गाड्या सर्वात जवळून एकमेकांच्या वाटेत येतात, ती जागा सुमारे 70 वर्षे विम्याच्या कक्षेच्या आत की बाहेर, हे कोणी ठरवलेच नव्हते. दुखापत झालेल्या माणसाला ते न्यायालयात जाऊन कळत होते.

दुरुस्ती लवकर आली. एप्रिल 2000 पासून सक्तीच्या विम्याच्या कलमात ‘किंवा अन्य सार्वजनिक जागा’ हे शब्द घातले गेले. मोजून चारच शब्द, पण पार्किंगमध्ये विम्याशिवाय गाडी फिरवणे त्यामुळे गुन्हा ठरले. तुलनेसाठी सांगायचे तर भारताच्या 1988 च्या मोटार वाहन कायद्याने विम्याची सक्ती पहिल्यापासूनच ‘सार्वजनिक स्थळा’शी जोडली आहे आणि त्याच्या व्याख्येत, आरपार जाता येवो अथवा न येवो, जनतेला प्रवेशाचा हक्क असलेली जागा धरली आहे. ब्रिटनमध्ये ज्यावरून वाद झाला, तो शब्द तिथे निर्णायक नव्हता.

पुढची पायरी युरोपातली. 2014 मध्ये स्लोव्हेनियातल्या एका शेताच्या अंगणातला दावा युरोपीय न्यायालयात आला. ट्रॅक्टर मागे घेताना ट्रेलर शिडीला लागला आणि शिडीवरचा माणूस पडला. वाहनाच्या नेहमीच्या कामाशी सुसंगत असा कोणताही वापर विम्याखाली येतो, जागा खासगी असली तरी, असे न्यायालय म्हणाले. विमा कंपन्यांना हा अर्थ फार पसरट वाटला, आणि ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर 2022 मध्ये खास कायदा करून तो झटकून टाकला. पार्किंगच्या दृष्टीने मात्र 2018 चा निकाल जास्त बोलका आहे. लाटव्हियात एका सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये उभ्या गाडीचे दार प्रवाशाने उघडले आणि शेजारच्या गाडीच्या पत्र्यावर ओरखडा आला. नुकसान किरकोळच होते, तरी गाडी उभी असताना प्रवाशाने दार उघडणे हा ‘वाहनाचा वापर’ आहे का, हा प्रश्न सर्वोच्च पातळीपर्यंत गेला. उत्तर आले: आहे.

दार लागण्याची तक्रार वाढणारच होती. ब्रिटनमध्ये पार्किंगच्या चौकटीचे रूढ माप 2.4 बाय 4.8 मीटर आहे आणि ते कित्येक दशके जवळपास तसेच आहे. युरोपात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांची सरासरी रुंदी मात्र 2023 मध्ये 180 सेंटिमीटरच्या पुढे गेली, तीही बाजूचे आरसे न धरता. चौकटीच्या अगदी मधोमध गाडी लावली तरी प्रत्येक बाजूला 30 सेंटिमीटर उरतात. शेजारच्याची तेवढीच जागा धरून 60 सेंटिमीटरच्या फटीत दार उघडायचे, मुलाला बाहेर काढायचे आणि पिशव्या घेऊन सरकायचे. दार आरशात बघून, पलीकडच्या हाताने उघडावे अशी सूचना ब्रिटनच्या वाहतूक संहितेत 2022 मध्ये आली. ती सायकलस्वारांसाठी लिहिलेली असली तरी पार्किंगमध्येही तितकीच उपयोगाची आहे, कारण पलीकडचा हात पुढे नेताना अंग आपोआप वळते आणि मागून कोण येते आहे ते दिसते.

शब्दाच्या गुंत्याचा दुसरा परिणाम मोजदादीवर झाला. ब्रिटनमधील अपघातांची अधिकृत नोंद सार्वजनिक रस्त्यांपुरती आहे, पार्किंगमधले अपघात तिच्यात धरत नाहीत. अमेरिकेतली प्राणघातक अपघातांची राष्ट्रीय नोंदही सार्वजनिक वाहतुकीच्या मार्गांपुरती आहे. तिथे 2008 मध्ये झालेल्या एका कायद्याने रस्त्याबाहेरच्या घटनांची माहिती वेगळी जमवायला सांगितले. त्या कायद्यामागे मागे येणाऱ्या गाड्यांखाली सापडलेली लहान मुले आणि त्यांच्या पालकांनी वर्षानुवर्षे लावून धरलेली मागणी होती. गाडीच्या मागच्या काचेतून, बंपरजवळ उभे असलेले लहान मूल चालकाला दिसतच नाही, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितले. म्हणून मागचे दिसण्याबद्दल नियम करायलाही त्याच कायद्याने सांगितले. तो नियम 2014 मध्ये पक्का झाला: गाडीच्या मागचा 10 बाय 20 फुटांचा भाग चालकाला दिसला पाहिजे. मे 2018 पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या हलक्या गाडीला त्यामुळे मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. कायदा होण्यापासून सक्ती पूर्ण लागू होईपर्यंत दहा वर्षे गेली, आणि हा उशीर मला या साऱ्या इतिहासातला सर्वात अक्षम्य भाग वाटतो.

गाडी नाकाने आत घालावी की रिव्हर्स घेऊन लावावी, हा शिष्टाचाराचा वाद याच धाग्याचा. निघताना समोर बघून बाहेर पडता यावे म्हणून आधीच उलटी लावणे सुरक्षित, असे अनेक कारखान्यांच्या आवारांत सक्तीने शिकवतात. सुपरमार्केटमध्ये ते रुजले नाही, कारण उलटी लावली की डिकी मागच्या गाडीला किंवा भिंतीला भिडते आणि ट्रॉली तिथवर नेता येत नाही. लोक सामानाच्या सोयीने नाकाने आत जातात आणि बाहेर पडताना, दोन्ही बाजूंना उंच गाड्या असताना, आंधळेपणाने मागे येतात. ब्रिटनच्या वाहनचालक परीक्षेने हे वास्तव डिसेंबर 2017 मध्ये स्वीकारले. तोवर पार्किंगच्या चौकटीत उलटे जाऊन दाखवावे लागे. त्यानंतर नाकाने आत जाऊन रिव्हर्समध्ये बाहेर येणे हाही परीक्षेचा भाग झाला. ही तर चुकीच्या सवयीलाच मान्यता, अशी टीका तेव्हा झाली. लोक जे रोज करणार आहेत ते निदान नीट शिकवले पाहिजे, ही बाजू मला जास्त पटते.

जागा रिकामी होण्याची वाट बघत थांबणाऱ्यांबद्दलही थोडे. 1997 मध्ये अमेरिकेत मॉलच्या पार्किंगमधून निघणाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कोणी थांबलेले नसताना चालक सरासरी सुमारे 32 सेकंदांत जागा सोडत. कोणी थांबले असेल तर 39 सेकंद लागत, आणि थांबलेल्याने हॉर्न वाजवला तर 43. अभ्यासकांनी याला आपल्या ताब्यातल्या जागेची राखण म्हटले. यातून निघणारी व्यवहाराची गोष्ट सरळ आहे: इंडिकेटर लावून, निघणाऱ्याला वळायला पुरेसे अंतर ठेवून थांबावे आणि हॉर्नला हात लावू नये. घाई झालेला चालक मागे न बघता गाडी काढतो, आणि त्या क्षणी मागून ट्रॉली जात असते.

राखीव जागांचा इतिहास मात्र रस्त्याच्या व्याख्येपासून वेगळा निघाला. चाकाच्या खुर्चीचे आंतरराष्ट्रीय चिन्ह 1968 मधले. ब्रिटनमध्ये अपंगांसाठीचे केशरी ओळखपत्र 1971 मध्ये आले आणि 2000 मध्ये ते निळे झाले. अमेरिकेत 1990 च्या अपंग हक्क कायद्यानंतर राखीव जागेशेजारी किमान 5 फुटांचा तिरप्या रेघांचा पट्टा ठेवणे नियमात आले. हा पट्टा रिकामा दिसतो, म्हणून तिथे मोटारसायकल लावली जाते, ट्रॉल्या सोडल्या जातात. खरे तर दार पूर्ण उघडून खुर्ची बाहेर उतरवण्यासाठी लागणारी जागा तेवढीच असते. ती अडली की आलेल्या माणसाला गाडीत शिरताच येत नाही. जागा अडवणाऱ्याला ‘दोनच मिनिटांत येतो’ म्हणताना हे सुचत नसावे. लहान मुले असलेल्या कुटुंबांसाठीच्या जागांना मात्र ब्रिटनमध्ये कायद्याने ठरवलेले स्थान नाही, तिथे दुकानाची अट तेवढी असते.

खासगी पार्किंगमधल्या पैशाच्या बाबतीत कायदा बराच पुढे गेला. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2012 मध्ये खासगी जागेवर चाकांना जॅमर लावण्यावर बंदी आली आणि त्याच कायद्याने शुल्क थकले तर नोंदणीकृत धारकाला जबाबदार धरण्याची तरतूद केली. दोन तासांच्या मर्यादेपेक्षा जास्त वेळ थांबल्याबद्दल आकारलेले 85 पौंड योग्य आहेत, असे 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. कॅमेरे नंबर टिपतात, वेळ मोजतात, नोटीस घरी येते. त्याच पार्किंगमध्ये ताशी 5 मैलांची पाटी असते, आणि ती पाळली जाते की नाही हे बघायला सहसा कोणी नसते.

अलीकडची भर आवाजाची. विजेवरच्या गाड्या पार्किंगच्या वेगात जवळजवळ निःशब्द चालतात, आणि मागून येणारी गाडी ऐकू येईल या भरवशावर लोक, विशेषतः दृष्टिहीन लोक, चालत असतात. युरोपीय संघात जुलै 2019 पासून विजेच्या आणि हायब्रीड गाड्यांच्या नव्या मॉडेलांना आणि जुलै 2021 पासून अशा सगळ्या नव्या गाड्यांना ताशी 20 किलोमीटरपर्यंत आणि रिव्हर्समध्ये कृत्रिम आवाज करणे बंधनकारक आहे. त्याआधी विकलेल्या गाड्यांना हा नियम लागू नाही, आणि त्या अजून अनेक वर्षे फिरणार आहेत.