गुडघ्याच्या गोळीला गुडघा कसा सापडतो?

रंकाळ्यावरून घरी येताना वाटेत एक मेडिकल लागतं. गेल्या आठवड्यात खोकल्याचं औषध घ्यायला तिथं थांबलो, तर माझ्यापुढे तिघं उभे होते. पहिल्या मावशी म्हणाल्या, "गुडघ्याची गोळी द्या ओ, ती पिवळी." त्यांच्यामागे तालमीत जाणारा एक पोरगा होता. "कंबर लई ठणकायलीय, कंबरेची द्या कायतरी." तिसरा गाल धरून उभा, त्याला दाढेची हवी होती. दुकानदाराने तिघांना तीन वेगळ्या कंपन्यांच्या, तीन रंगांच्या पट्ट्या कापून दिल्या. मी पट्टीच्या मागची बारीक अक्षरं वाचली. तिन्हींवर एकच मजकूर होता: ॲसेक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम.

मी कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवतो हे त्या पोराला ठाऊक होतं. मी त्याला ते वाचून दाखवलं, तेव्हा त्याने विचारलं, "मग सर, हिला कळतंय कसं, कंबरेकडं जायचं का दाढंकडं?"

इतका नेमका प्रश्न वर्गातही क्वचित येतो. उत्तर असं, की गोळीला काहीच कळत नाही. ती आतड्यातून रक्तात शिरते आणि रक्त तिला सगळीकडे नेतं. कंबरेत, दाढेत, गुडघ्यात, आणि तितक्याच इमानाने जठरात, मूत्रपिंडात, हृदयाच्या रक्तवाहिन्यांतही. पेनकिलरचे फायदे आणि तोटे दोन्ही या एकाच गोष्टीतून निघतात.

आधी दुखणं म्हणजे काय ते पाहू. गुडघ्यात झीज होऊन सूज आली, की तिथल्या पेशींच्या पातळ आवरणातून एक स्निग्ध आम्ल सुटतं. त्याचं नाव ॲराकिडॉनिक आम्ल, त्यात वीस कार्बनची साखळी असते. सायक्लोऑक्सिजनेज, थोडक्यात कॉक्स, नावाचं एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, ही साखळी पकडून तिला ऑक्सिजन जोडतं आणि तिचा एक अस्थिर पदार्थ बनवतं. त्या एका पदार्थापासून पुढे पाच रेणू तयार होतात. चार प्रोस्टाग्लँडिन गटातले, पाचवा थ्रॉम्बॉक्सेन. कोल्हापूरच्या माणसाला हे सांगणं सोपं आहे. प्रयाग चिखलीला कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती एकत्र येऊन पंचगंगा होते. शरीरात ही पंचगंगा उलटी वाहते. एका प्रवाहातून पाच फुटतात आणि प्रत्येकीचं शिवार वेगळं. एक सूज आणि ताप आणते, एक, म्हणजे थ्रॉम्बॉक्सेन, रक्त गोठवायला मदत करते, एक रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवते. प्रोस्टाग्लँडिन हे नाव मात्र गैरसमजातून आलं. १९३० च्या दशकात स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांना वाटलं, की हा पदार्थ प्रोस्टेट ग्रंथीत तयार होतो. पुढे कळलं की तो जवळजवळ सगळ्याच ऊतींमध्ये तयार होतो, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

आता माझ्या सर्वांत आवडत्या भागाकडे येतो. सुजेतलं प्रोस्टाग्लँडिन ई२ स्वतः फारसं दुखवत नाही. ते मज्जातंतूंच्या टोकांना हळवं करतं. त्या टोकांवर टीआरपीव्ही१ नावाची एक झडप असते. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने तिचा जनुक १९९७ मध्ये शोधला तो मिरचीतल्या कॅप्सायसिनच्या मदतीने, आणि २०२१ च्या वैद्यकातल्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. झणझणीत रश्श्याने जीभ पोळल्यासारखी वाटते, कारण कॅप्सायसिन हीच झडप उघडतं. एरवी ती साधारण ४३ अंश सेल्सियसच्या पुढे उघडते, म्हणजे खरोखर चटका बसेल तेव्हा. पण सुजलेल्या जागी प्रोस्टाग्लँडिनच्या इशाऱ्यावरून पेशीतली एन्झाइमं या झडपेला फॉस्फेटचे गट चिकटवतात, आणि तिचा उंबरठा इतका खाली येतो की शरीराची नेहमीची ऊबही तिला चटका वाटू लागते. सुजलेल्या गुडघ्यात आग आग होते ती यामुळे. नुसती चादर लागली तरी कळ येते तीही अशाच हळव्या झालेल्या टोकांमुळे. म्हणजे पेनकिलर दुखण्याचं मूळ काढत नाही. ती या हळवेपणाचा पुरवठा तोडते.

तो कसा तोडते, हे सांगायला आपला बंधारा हाताशी आहे. कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्याला दगडी खांब असतात आणि त्यांच्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालतात. पाणी अडवायचं असेल तेव्हा बरगे बसवायचे, पावसाळ्याआधी काढायचे. कॉक्स एन्झाइमच्या पोटात एक लांबट बोगदा आहे, ॲराकिडॉनिक आम्ल त्यातून आत सरकतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसेक्लोफेनॅक ही औषधं त्या बोगद्यात बरग्यांसारखी बसतात. काही तासांनी निघून जातात आणि प्रवाह पुन्हा सुरू होतो. म्हणून रात्री घेतलेल्या गोळीचा गुण सकाळपर्यंत ओसरतो.

ॲस्पिरिनचं काम वेगळं. तिने बरगा घातला की तो काँक्रीटचा. एन्झाइम म्हणजे अमिनो आम्लांच्या कड्यांची साखळी, आणि बोगद्यात ५३० क्रमांकाच्या जागी सेरीन नावाचं अमिनो आम्ल आहे. ॲस्पिरिन त्यावर स्वतःचा ॲसिटिल गट कायमचा चिकटवून टाकते. बहुतेक पेशी नवीन कॉक्स बनवून यातून मार्ग काढतात, पण रक्त गोठवणारी बारीक पेशी, म्हणजे प्लेटलेट, तिला केंद्रकच नसतं. तिच्याकडे नवीन एन्झाइमचा आराखडाच नाही. ती जगेल तितके दिवस, म्हणजे सात ते दहा दिवस, थ्रॉम्बॉक्सेनविना जगते. हृदयविकार होऊन गेलेल्यांना रोज ७५ मिलिग्रॅमची एवढीशी ॲस्पिरिन पुरते ती यामुळे. त्या माणसाने ॲस्पिरिनच्या आधी आयब्युप्रोफेन घेतली, तर बोगद्यात बरगा आधीच बसलेला असतो, काँक्रीट ओतायला जागा उरत नाही, आणि हृदयासाठीचा फायदा हुकू शकतो. ॲस्पिरिन शुद्ध रूपात १८९७ मध्ये बनली. ती हे सगळं कॉक्सला अडवून करते, हे लंडनच्या जॉन व्हेन यांनी दाखवलं १९७१ मध्ये. १९८२ चं नोबेल त्यांना प्रोस्टाग्लँडिनवरच काम करणाऱ्या बर्गस्ट्रॉम आणि सॅम्युएल्सन यांच्यासोबत मिळालं.

हा पुढचा तपशील थोडा किचकट आहे, पण सोडवत नाही. कॉक्स दोन प्रकारचं असतं. कॉक्स-१ जठरात, प्लेटलेटमध्ये, मूत्रपिंडात रोजची घरकामं करतं. कॉक्स-२ मुख्यतः सूज आली की वाढतं. दोघांच्या बोगद्यात ५२३ व्या जागी एक बारीक फरक आहे. पहिल्यात आयसोल्युसीन, दुसऱ्यात व्हॅलीन. या दोन अमिनो आम्लांत अंतर एका कार्बनचं! पण तेवढ्याने कॉक्स-२ च्या बोगद्याला बाजूला एक कोनाडा मिळतो. सेलेकॉक्सिबसारखी औषधं त्याच कोनाड्यात बसतात. जठर वाचेल, गुडघ्याचं दुखणं थांबेल, असा हिशोब होता आणि जठराच्या बाबतीत तो बराचसा खराही ठरला. पण रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवणारं प्रोस्टासायक्लिन कॉक्स-२ वरही अवलंबून असतं. ते आटलं आणि प्लेटलेटचं थ्रॉम्बॉक्सेन तसंच चालू राहिलं, की पारडं गुठळीकडे झुकतं. हृदयविकाराचे झटके वाढल्याचं दिसल्यावर मर्क कंपनीने २००४ मध्ये याच गटातलं रोफेकॉक्सिब जगभरातून मागे घेतलं. "एकदम सेफ पेनकिलर" अशी जाहिरात दिसली की मला हे औषध आठवतं.

आता जठराबद्दल. इथे मला आबांचं सांगायला हवं. माझे वडील ७२ वर्षांचे. गुडघ्यासाठी डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. बरं वाटलं म्हणून आबांनी तीच चिठ्ठी दाखवत चार महिने रोज एक घेतली. एका सकाळी उठताना घेरी आली. तीन दिवस शौच डांबरासारखं काळं होत होतं, पण लाजेने कुणाला बोलले नव्हते. हिमोग्लोबिन ७ वर आलं होतं. घरी सगळ्यांनी आळ घेतला तो रविवारच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर. दुर्बिणीतून जठराचा व्रण दिसला. पोटात कधी दुखलं नाही का, असं डॉक्टरांनी विचारलं. नव्हतंच दुखलं. रोज पेनकिलर घेणाऱ्याच्या बाबतीत असं बऱ्याचदा होतं, व्रणाची पहिली खूण थेट रक्तस्रावच असते.

तिखटाने जळजळ होते हे खरं, पण व्रणाची दोन मोठी कारणं वेगळी आहेत. एक हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू, जो शोधल्याबद्दल बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं, आणि दुसरं म्हणजे या गोळ्या. जठरातलं आम्ल मांस पचवतं, मग जठरालाच का पचवत नाही? कारण त्याच्या आतल्या बाजूला बुळबुळीत थर असतो, त्यात आम्ल मारणारं बायकार्बोनेट असतं आणि खालून भरपूर रक्त येत असतं. या तिन्हींची देखभाल प्रोस्टाग्लँडिन करतं. गुडघ्यासाठी बंधारा घातला, आणि जठराचं पाणीही तुटलं.

आपल्याकडे याला "गोळी उष्ण पडली" म्हणतात आणि वर ताक किंवा दूध देतात. ताकाने तोंडाला बरं वाटेल, पण आटलेलं प्रोस्टाग्लँडिन त्याने परत येत नाही. जेवल्यावर गोळी घेतली की मळमळ, जळजळ कमी जाणवते एवढंच. आणि "मी गोळी घेत नाही, इंजेक्शनच घेतो, पोटाला त्रास नको" म्हणणारे तर कितीतरी भेटतात. सुईतून गेलेलं डायक्लोफेनॅकही रक्तातूनच जठराला पोचतं. धोका गोळीच्या स्पर्शापेक्षा रक्तातल्या औषधाचा जास्त असतो. वयस्कर माणसाला डॉक्टर सोबत पँटोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी देतात, तिचा खरोखर उपयोग होतो. पण ती मूत्रपिंडाला वाचवत नाही.

मूत्रपिंडाच्या गाळणीकडे येणारी बारीक रक्तवाहिनी उघडी ठेवण्याचं काम प्रोस्टाग्लँडिन करतं. शरीरात पाणी भरपूर असताना त्याची फारशी गरज पडत नाही, पाणी कमी पडलं की सगळी मदार त्याच्यावर येते. हंगामात आपल्या जिल्ह्यात उसाच्या फडात पहाटेपासून वाकून तोड चालते, मग डोक्यावर मोळ्या वाहायच्या. दिवसभरात पाणी किती प्यायलं जातं, आणि बाईमाणसाला आडोसा नाही म्हणून ती किती कमी पिते, हे पाहिलेलं आहे. अशा शरीरात संध्याकाळी कंबरेची गोळी गेली, की गाळणीचा शेवटचा आधार निघतो. ब्लडप्रेशरसाठी एनालाप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी, लघवी होण्याची गोळी आणि तिसरी पेनकिलर, हे त्रिकूट वृद्धांच्या किडनीला फार घातक आहे. मेडिकलमधून गोळी घेताना "बीपीचं काय चालू आहे" हे सांगायलाच हवं.

किडनीवर डायक्लोफेनॅक काय करू शकतं, याचा सर्वांत भयंकर पुरावा गिधाडांनी दिला. जनावरांना दिलेलं औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं, त्यांची मूत्रपिंडं बंद पडली आणि आतड्यांवर, काळजावर युरिक आम्लाचा पांढरा थर साचला. गिधाडं मरत होती त्याचं कारण २००४ मध्ये सापडलं, २००६ मध्ये भारताने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आणली. माणसाचं मूत्रपिंड गिधाडाइतकं नाजूक नाही, पण औषध तेच आहे.

पॅरासिटामॉलचं गणित निराळं. ते मुख्यतः मेंदू आणि मज्जारज्जूत काम करतं, सूज फारशी उतरवत नाही, जठराला सहसा त्रास देत नाही. डेंगीच्या तापात तेच चालतं. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक तेव्हा नकोत, कारण प्लेटलेट आधीच घटलेल्या असतात. मात्र यकृतात पॅरासिटामॉलचा छोटा हिस्सा एका विषारी पदार्थात बदलतो. ग्लुटाथायोन नावाचा यकृतातला पदार्थ त्याला निकामी करतो, पण त्याचा साठा मर्यादित आहे. धडधाकट प्रौढाला चोवीस तासांत सगळं मिळून ४ ग्रॅम ही वरची हद्द, आणि किरकोळ वजनाचा, उपाशी किंवा रोज दारू पिणारा असेल तर त्याहून बरीच खाली. "सगळं मिळून" हे शब्द महत्त्वाचे, कारण तापाची गोळी, सर्दीची गोळी आणि ती पिवळी गुडघ्याची गोळी, तिन्हींत पॅरासिटामॉल असू शकतं. जास्त पोटात गेलं असेल तर त्रास व्हायची वाट बघू नये. यकृत बिघडल्याचं एकदोन दिवसांनी दिसतं, तर ॲसिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या आठ तासांत सर्वांत गुणकारी असतो.

आणि सांधेदुखीची पुडी. नाव नसलेली, "नुसत्या जडीबुटीची" म्हणून बाजाराच्या दिवशी मिळणारी. दोन दिवसांत लंगडणारा माणूस धावू लागला की लोक हात जोडतात. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं प्रयोगशाळांना पुन्हा पुन्हा सापडलं आहे. स्टेरॉइड बंधाऱ्याच्याही वर जाऊन ॲराकिडॉनिक आम्लाचा उगमच अडवतं, म्हणून गुण झटपट दिसतो. मग चेहरा गोल होतो, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात. आणि पुडी एकदम बंद केली तर शरीराच्या स्वतःच्या ग्रंथी झोपलेल्या असल्यामुळे जीवही जाऊ शकतो. औषधात काय आहे हे जो सांगत नाही, त्याच्याकडून औषध घेऊ नये, मग तो कितीही पिढ्यांचा वारसा सांगो.

तालमीतल्या त्या पोराला मी एवढं सगळं सांगितलं नाही. कुस्तीआधी गोळी खाऊन आखाड्यात उतरू नकोस, दुखणं दबलं की पाठ कुठं थांबायचं ते सांगत नाही, इतकंच बोललो. त्याने पट्टी उलटी करून बारीक अक्षरं पुन्हा एकदा वाचली.

आबांचा व्रण भरून आला. आता ते गुडघ्याला डायक्लोफेनॅकचा जेल लावतात. त्यातलं फारच थोडं औषध रक्तात उतरतं, तरी डॉक्टरांना विचारून, तेही ठणका असेल त्या दिवशीच. रोज सकाळी मांडीच्या स्नायूंचे व्यायाम करतात. आणि गेल्या रविवारपासून पांढरा रस्सा पुन्हा चालू झाला आहे.